पाचू होला, हरियाल की रानकबूतर?

प्रश्न : कोकणात मामांकडे, बागेमागच्या रानात पायवाटेवर हिरव्या पंखांचा, लाल चोचीचा पक्षी दिसला. मामा म्हणाले 'होला', भाऊ म्हणतो 'हरियाल'. बरोबर कोण?

उत्तर : मामा. हा पाचू होला. कुणी 'पाचू कवडा'ही लिहितं. 'रानकबूतर' का नको? 'कबूतर' फारसीतून आलेलं, ते पाळीव पक्ष्याला ठीक. 'पारवा' संस्कृत पारावतापासूनचा, पण पारवा म्हटलं की राखाडी रंगच डोळ्यांपुढे येतो, इतका की लुगड्याचा रंगही आपण पारवा म्हणतो.

हरियाल आपला राज्यपक्षी. पाय पिवळे, राहणं वड-उंबराच्या शेंड्यावर आणि थव्याने. पाचू होला जमिनीवरचा, एकटा नाहीतर जोडीनं. पडलेली फळं आणि बिया टिपत पाचोळ्यातून चालतो. चाहूल लागली की झाडांमधून खालूनच सुसाट निघतो, तेव्हा पाठीच्या खालच्या भागावरचे दोन फिकट पट्टे दिसतात. तीच पक्की खूण.

मग साधं 'हिरवा होला' का नको? मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा गर्द सावलीत तो काळपट वाटला होता. दोन पावलं टाकून कवडशात आला आणि पंख एकदम झळाळले. उजेडात आल्यावरच कळणारा हा हिरवा आहे, म्हणून 'पाचू' हाच शब्द मला नेमका वाटतो. तामिळनाडूचा हा राज्यपक्षी. तिथेही नाव 'मरगदप्पुरा', म्हणजे मरकताचं, पाचूचंच कबूतर. शास्त्रीय नाव 'कॅल्कोफॅप्स इंडिका'. त्यातलं 'इंडिका' स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनिअसनं १७५८ मध्ये दिलेलं, आणि 'कॅल्कोफॅप्स' म्हणजे ग्रीकमध्ये काशाचं कबूतर. शास्त्रज्ञांना पंखात कासं दिसलं, आपल्याला आणि तमिळांना पाचू.

पुन्हा प्रश्न : रानातून कण्हल्यासारखं 'हूंऽऽ, हूंऽऽ' ऐकू येत होतं. त्याला काय म्हणायचं? 'ओरडणं' बरं वाटत नाही.

उत्तर : 'घुमणं'. पारवा घुमतो, तसा हाही घुमतो. आवाज इतका खोल आणि नाकातला, की कुठून येतोय ते कळत नाही. शेंड्याकडे बघत बसू नका, खालच्या फांद्या बघा. काटक्यांचं विरळ घरटंही फार उंच नसतं. त्यात बहुधा दोनच अंडी, फिक्कट मलईच्या रंगाची.