आउटडोअर गिअरच्या ऑनलाइन दुकानात नोकरी लागली, आधी काय शिकून घेऊ?

नमस्कार मंडळी. राहायला कळव्याला. एक तारखेपासून महाप्याला ट्रेकिंग-कॅम्पिंगचं सामान ऑनलाइन विकणाऱ्या कंपनीत कस्टमर सपोर्टला रुजू होतेय. आधीची चार वर्षं मोबाइल रिचार्जच्या तक्रारी ऐकण्यात गेली. डोंगर म्हणाल तर कॉलेजात असताना एकदा माहुली, बस. हाताशी तीन आठवडे आहेत. चुकीचं सांगून कुणाला अडचणीत टाकायचं नाहीये, म्हणून विचारते. आणि रोज जायचं कसं?

प्रतिसाद १
अभिनंदन ताई! अशाच दुकानाचे फोन मी पाच वर्षं घेतले. निम्मे बुटांच्या मापाचे असायचे. पाय संध्याकाळी थोडा सुजतो, तेव्हा ट्रेकचे मोजे घालूनच मोजायला सांगा. उतरताना बोटं पुढे आदळतात, तिथे अंगठ्याएवढी जागा हवीच.

पावसाळ्यात 'टेंट गळतो' म्हणून फोन येतील. लगेच परत घेऊ नका. आधी विचारा, पाणी शिवणीतून आलं की आतल्या कापडावर सगळीकडे थेंब होते? थेंब असतील तर तो श्वासातला दमटपणा आहे. सह्याद्रीत जुलैत दारं बंद करून झोपलं की होणारच. व्हेंट, म्हणजे हवा खेळायच्या खिडक्या, उघडे ठेवायला सांगा.

स्लीपिंग बॅगवर तीन तापमानं असतात. गिऱ्हाईक सगळ्यात खालचा आकडा बघून हिमालयात निघतं. तो 'एक्स्ट्रीम', म्हणजे जीव कसाबसा तगेल एवढाच. झोप लागायची असेल तर 'कम्फर्ट'चा आकडा बघायचा. हे समजावताना विक्री गेली तरी चालेल.

वाचण्यापेक्षा एक करा. कुणाची तरी कमरपट्टा असलेली सॅक मागून घ्या, पाण्याच्या बाटल्या भरून सात-आठ किलो करा आणि मुंब्रा देवीच्या पायऱ्या चढा. अर्ध्या वाटेपर्यंत पट्टा सैल, पुढे कमरेच्या हाडावर घट्ट. खांद्यावरचं ओझं कुठे जातं ते कळेल, मग फोनवर सांगताना शब्द शोधावे लागणार नाहीत.

प्रतिसाद २
ठाण्याला उलटं या. पनवेल-वाशी गाड्या तिथूनच सुटतात, बसायला मिळतं. कोपरखैरणेला उतरून रिक्षा.

प्रतिसाद ३
मी क्लाइंबिंग शिकवतो, फक्त रोपबद्दल लिहितो. डायनॅमिक रोप ताणला जाऊन पडण्याचा झटका पचवतो. स्टॅटिक जेमतेम ताणला जातो, तो रॅपलिंगला, म्हणजे रोपवरून खाली उतरायला. 'स्वस्तातला चालेल ना?' असं कुणी विचारलं तर आधी वापर विचारा. स्टॅटिकवर लीड क्लाइंबिंग (रोप सोबत नेत, वाटेत अडकवत वर चढणं) करताना पडलं तर तो झटका शरीरावर आणि अँकरवर, म्हणजे रोप कड्याला जिथे अडकवलाय तिथे, येतो.

आणखी एक. रोप किंवा हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचा पट्टा) परत आला आणि वापरलेला वाटला, तर पुन्हा विक्रीला लागू देऊ नका. आतला मार बाहेरून दिसतोच असं नाही. तुमच्या कंपनीचा यावर नियम काय आहे, ते पहिल्याच दिवशी विचारा. नियम नसेल तर लेखी मागा. नवीन माणसाला हे जड जातं, ठाऊक आहे. तरीही मागा.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. रोपचं वाचून रात्री झोप लागली नाही, बरं झालं आधीच कळलं. मामेभावाकडे सॅक आहे, रविवारी पहाटे मुंब्र्याला जातेय. दादा, हार्नेसचा शिवणटाका नीट आहे की नाही हे कसं बघायचं, तेही लिहाल का?