शब्दचर्चा: अंकगणित, गणित, हिशोब, आकडेमोड

अंकगणित हा शब्द मराठीत सगळ्यांना कळतो, पण रोजच्या बोलण्यात तो जवळजवळ कुणाच्याच तोंडी नसतो. घरी आलेलं पोर 'बाईंनी दहा गणितं दिलीत' असं सांगतं. किराणा दुकानदार 'हिशोब करून ठेवतो' म्हणतो. रात्री उशिरा कागद-पेन घेऊन बसलेल्या माणसाला आपण 'कसली आकडेमोड चाललीय?' असं विचारतो. तिन्ही ठिकाणी प्रत्यक्षात होते ती बेरीज-वजाबाकीच, म्हणजे शुद्ध अंकगणित. तरी तो शब्द कुठेही येत नाही.

मग तो राहतो कुठे? एक, परीक्षेच्या अभ्यासक्रमात. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत अंकगणित हा स्वतंत्र घटक आहे, त्यामुळे भरतीची तयारी करणारी मुलं हा शब्द सर्रास बोलतात. 'माझं अंकगणित पक्कं आहे, बुद्धिमत्तेत मार्क जातात' हे वाक्य अभ्यासिकेत सहज कानावर पडतं. त्यांच्या लेखी अंकगणित म्हणजे काळ-काम-वेग, नफा-तोटा, सरळव्याज आणि शेकडेवारी. दोन, दहावीच्या पुस्तकातली 'अंकगणिती श्रेढी', म्हणजे दर वेळी ठरावीक फरकाने पुढे जाणारी संख्यांची माळ: ५, ८, ११, १४. आणि तीन, इंग्रजीवरून केलेल्या भाषांतरात. आजची चर्चा या तिसऱ्या जागेमुळे सुचली. बातम्यांमध्ये आणि लेखांमध्ये हल्ली 'सत्तेचं अंकगणित', 'निवडणुकीचं अंकगणित' असं वाचायला मिळतं. व्याकरणाने त्यात काही चूक नाही, पण मराठी कानाला ते परकं लागतं, आणि याला कारण आहे.

मराठीने या एका कल्पनेसाठी तीन शब्द वाटून घेतले आहेत आणि तिघांची कामं वेगळी आहेत. ती ओळखायची सोपी युक्ती म्हणजे त्यांच्याबरोबर कोणतं क्रियापद येतं ते पाहणं. हिशोब आपण देतो, मागतो, ठेवतो, चुकता करतो. हिशोब लागतो किंवा लागत नाही. गणित मात्र मांडतो. ते जुळतं, बसतं, बिघडतं, चुकतं, कोलमडतं. 'गणित चुकतं केलं' असं कोणी म्हणत नाही आणि 'हिशोब कोलमडला' हेही कुणाच्या तोंडून येत नाही.

मला यात काळाचा फरक दिसतो. हिशोब मागे पाहतो. काय आलं, काय गेलं, कुणाकडे किती राहिलं, हे सगळं होऊन गेलेलं असतं. म्हणून हिशोबाला देणंघेणं चिकटलेलं आहे आणि त्यातूनच नैतिक अर्थ येतो: 'पापपुण्याचा हिशोब', 'जुने हिशोब चुकते करणं', 'याचा हिशोब द्यावा लागेल'. गणित पुढे पाहतं. 'यंदा कांद्याचं गणित बसेल असं वाटत नाही' असं शेतकरी म्हणतो, तेव्हा बियाणं, मजुरी, खत, साठवण आणि अजून न ठरलेला भाव यांचा मेळ तो घालत असतो. विक्री झाली, पट्टी (विक्रीची पावती) हातात आली, की तोच माणूस म्हणतो, 'चला, हिशोब करू.' एकाच पिकाबद्दल एकच माणूस दोन शब्द वापरतो आणि दोन्ही चपखल बसतात.

आकडेमोड ही नुसती कृती. तिच्यात देणंघेणं नाही, अंदाजही नाही. म्हणून 'नुसती आकडेमोड' असं म्हणता येतं, 'नुसता हिशोब' म्हटलं तर अर्थ बदलतो.

आता राजकारणाकडे येऊ. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ जागा आहेत आणि बहुमताला १४५ लागतात. '१४५ चं गणित जुळत नाही' हे अस्सल मराठी वाक्य आहे, कारण सरकार बनायचं आहे, गोष्ट पुढची आहे. फक्त किती आमदार आहेत एवढंच सांगायचं असेल तर 'संख्याबळ' हा नेमका शब्द हाताशी आहे. 'अंकगणित' हा शब्द या दोन्हींपैकी नक्की काय सांगतो ते कळत नाही. 'समीकरण' हा शब्द याच बातम्यांत शेजारी वावरतो, पण त्याचं काम वेगळं आहे. गणित संख्येचं असतं आणि समीकरण संबंधांचं. कोण कुणाबरोबर जाईल, कोणता समाज कुणामागे उभा राहील, ही समीकरणं झाली. 'समीकरण जुळलं पण गणित जुळलं नाही' हे वाक्य मराठीत पूर्ण अर्थाचं आहे: युती झाली, आकडा कमी पडला. एवढी बारीक सोय भाषेने करून ठेवलेली असताना ती मोडून सगळीकडे अंकगणित लिहिणं मला पटत नाही.

थोडं मागे जाऊ. अंक म्हणजे मुळात वळण, बाक, आकडी. त्यावरून खूण, मग संख्येची खूण. अंक म्हणजे मांडीही, नाटकाचा अंकही, दिवाळी अंकही. मराठी 'आकडा' शब्दात ही दोन्ही अंगं अजून शाबूत आहेत. आकडा म्हणजे संख्या, आणि आकडा म्हणजे वाकवलेली तार किंवा हूक. विजेच्या तारेवर 'आकडा टाकणं' यातला आकडा तोच.

जुन्या ग्रंथांत या विषयाला अंकगणित म्हणत नसत. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास सिद्धान्तशिरोमणी लिहिला. त्यातला लीलावती हा भाग म्हणजे पाटीगणित. पाटीवर धूळ पसरून तिच्यात आकडे लिहायचे, पुसायचे, पुन्हा लिहायचे, अशी ती पद्धत होती. मराठीतली 'धुळाक्षरं' आणि शाळेतली पाटी याच घरातली. पाटीगणिताचंच दुसरं नाव व्यक्तगणित, म्हणजे ज्यातल्या संख्या उघड, माहीत असलेल्या आहेत ते. बीजगणित ते अव्यक्त गणित. मला ही जोडी फार आवडते. अंकगणित आणि बीजगणित यांत नेमका फरक काय, हे सातवीतल्या मुलाला सांगायला व्यक्त आणि अव्यक्त यांच्याइतके नेमके शब्द नाहीत.

पण पाटीवरचं हे शास्त्र संस्कृतात असताना गावोगावचा व्यवहार दफ्तरात, म्हणजे कारकुनांच्या कचेरीत, चालायचा आणि दफ्तराची भाषा फारसीने भरलेली होती. त्याची खूण आपल्या चार मूलभूत क्रियांवर उमटली आहे. गुणाकार आणि भागाकार संस्कृत वळणाचे. बेरीज आणि वजाबाकी दफ्तरातून आलेल्या. रोज लागणाऱ्या दोन क्रियांची नावं कारकुनाने दिली आणि क्वचित लागणाऱ्या दोघींची शास्त्र्याने. खुद्द हिशोब, जमा, खर्च, शिल्लक, बाकी, एवढंच काय तेरीज हा शब्दही दफ्तरातलाच. वाणिज्य शाखेच्या मुलांना 'तेरीजपत्रक' (ट्रायल बॅलन्स) आजही करावं लागतं.

'वजा' या शब्दाशी थोडं थांबायला हवं. 'पन्नासातून वीस वजा' यातला वजा आणि 'सूचनावजा इशारा', 'प्रस्तावनावजा चार शब्द' यातला वजा ही अरबी मुळाची एकाच घरातली माणसं. एकाने काढून ठेवणं हा अर्थ घेतला, दुसऱ्याने रीत, धाटणी हा. त्यामुळे 'प्रस्तावनावजा' म्हणजे प्रस्तावना वगळून, असा अर्थ कुणी लावत असेल तर तो चुकीचा. अर्थ आहे प्रस्तावनेसारखे.

'बाकी' तर गणितातून पार बाहेर पडली. भागाकारात उरते ती बाकी, उधारीत राहते ती बाकी, आणि फोनवर बोलणं संपत आलं की 'बाकी काय?' 'भागणं' हेही असंच. 'सहाने भागलं' आणि 'एवढ्या पगारात भागत नाही' यात क्रियापद एकच आहे. जमाखर्चाच्या वहीतून आलेली आणखी एक सुंदर जोडी म्हणजे 'तोंडमिळवणी' आणि 'गोळाबेरीज'. जमेची आणि खर्चाची टोकं एकमेकांना आणून भिडवायची ती तोंडमिळवणी. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात घराघरांत तीच चाललेली असते. गोळाबेरीज म्हणजे बारीक तपशील बाजूला ठेवून निघणारा सारांश, मग तो भाषणाचा असो की आयुष्याचा.

'हातचा' या शब्दाबद्दल विचारणा झाली होती. ४८ आणि ३७ यांची बेरीज मराठीत मोठ्याने करून पाहा: आठ आणि सात पंधरा, पंधरातले पाच खाली, हातचा एक, चार आणि तीन सात, हातचा एक मिळवून आठ, उत्तर पंच्याऐंशी. हातचा म्हणजे हातात धरून ठेवलेला, अजून कुठे न लिहिलेला. 'हातचं राखून बोलणं' हा वाक्प्रचार इथूनच आला असं काही जण सांगतात. मला ते तितकंसं पटत नाही. 'हातचं सोडून पळत्याच्या पाठी' यातलंही हातचं हेच आहे आणि तिथे बेरजेचा संबंध नाही. हातात असलेलं हा साधा अर्थ आधीचा असावा आणि त्याच्या दोन फांद्या फुटल्या असाव्यात, एक शाळेत, एक बोलण्यात.

वरच्या बेरजेत आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. कागदावर आपण एककाकडून दशकाकडे जातो, आधी पाच मिळाले, मग आठ. आणि 'पंच्याऐंशी' हा शब्दही आधी पाच सांगतो, मग ऐंशी. म्हणजे बेरीज करताना मराठी संख्यानाम हाताच्या दिशेनेच चालतं. अडचण येते ती ऐकून लिहिताना. पंच्याऐंशी ऐकून मूल आधी ५ लिहितं आणि ५८ करून बसतं. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'नव्वद तीन' अशी वाचनपद्धती आणली ती याच कारणाने, जोडाक्षरांचा अडसर हे दुसरं कारण. त्यावर मोठा गदारोळ झाला. गणित विषय समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी या बदलाची बाजू शांतपणे मांडली होती. माझं मत असं: शिकवताना पायरी म्हणून 'नव्वद तीन' जरूर म्हणावं, मुलाला त्याने आधार मिळतो. पण त्र्याण्णव कानावर पडत राहिलंच पाहिजे, कारण बाजारात, आजीच्या तोंडी आणि बसच्या तिकिटावर तेच भेटणार आहे.

या संख्यानामांत तर अंकगणित मुरलेलंच आहे. एकोणीस म्हणजे एकाने ऊन, उणे, असे वीस. एकोणतीस, एकोणचाळीस, थेट एकोणनव्वदपर्यंत ही वजाबाकी चालते. फक्त शंभराच्या अलीकडे येऊन थांबते: तिथे नव्व्याण्णव. अपूर्णांकांत गंमत याहून जास्त. पावणेदोन म्हणजे पावाने उणे दोन. साडेतीन म्हणजे अर्ध्यासकट तीन. दीड, अडीच आणि औट ही त्याहून जुनी रीत: अडीच म्हणजे तिसरा अर्धा, म्हणजे दोन पुरे आणि तिसऱ्यातला निम्मा. औट म्हणजे चौथा अर्धा, साडेतीन. 'औट घटकेचं राज्य' मधला औट हाच.

या अपूर्णांकांचे पाढे होते: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे होते तोवर त्यांच्यावाचून दुकानात उभं राहता येत नसे. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि हे पाढे हळूहळू शाळेतून गेले. शब्द मात्र टिकले. भाजीवाल्याकडे आपण अजून पावशेर मिरच्या मागतो आणि तो अडीचशे ग्रॅम तोलतो. 'सोळा आणे खरं' म्हणताना आणा न पाहिलेली पिढीही अडखळत नाही.

जाता जाता गुणाकाराच्या पाढ्यातल्या शब्दांबद्दल. बे दुणे चार, बे त्रिक सहा, बे चोक आठ, बे पंचे दहा, बे सक बारा. दुणे, त्रिक, चोक, सक हे शब्द पाढ्याबाहेर फारसे भेटत नाहीत, 'उणंदुणं' सोडलं तर. हे उच्चार भागागणिक थोडे बदलतात असं ऐकण्यात आहे. तुमच्याकडे घरातल्या मोठ्यांना सवायकी किंवा औटकी पाठ असेल, तर ती त्यांच्या तोंडी जशी आहे तशीच, उच्चार न सुधारता, इथे लिहा. कोणत्या तालुक्यातली तेही लिहिलंत तर फरक मांडून पाहता येतील.