चीझमन कॅन्यन, जानेवारी: रॉडच्या कड्यांत बर्फ धरतो आणि ट्राउट लागत नाही

डेन्व्हरचा_गळ
कोलोरॅडोत साउथ प्लॅट नदीवर चीझमन धरणाखाली उन्हाळ्यात बऱ्यापैकी मासे लागतात, जानेवारीत मात्र शुकशुकाट. सामान असं: 9 फुटी 5 वेटचा रॉड, साडेसात फुटी 4 एक्स लीडर (दोरीच्या टोकाचा बारीक धागा; एक्सचा आकडा मोठा तितका धागा बारीक), 14 नंबरची फेझंट टेल फ्लाय (किड्यासारखा बनवलेला गळ), वर इंडिकेटर (तरंगणारी खूण). सकाळी 8 ला पाण्यात उतरतो, तेव्हा हवा उणे 10 सेल्सिअसच्या आसपास असते. चार-पाच फेकींत रॉडच्या कड्या बर्फाने बुजतात आणि दोरी सरकत नाही. चुकतंय कुठे? शिवाय फेब्रुवारीत भारतात येतोय, तेव्हा हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउट पकडायला जमेल का?

डोहाच्या_काठी
तीर्थनचं आधी सांगतो: नाही जमणार. हिमाचलात ट्राउटची मासेमारी 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत बंद असते. मार्चमध्ये मत्स्य विभागाचा परवाना काढून जा.

आता चीझमन. 8 वाजता उतरून काही हाती लागायचं नाही. 11 ते 3 एवढाच काळ धरा. पाणी अर्ध्या-एक अंशाने चढतं, मिज (डासासारखे बारीक पाणकिडे) बाहेर पडू लागतात आणि मासे तोंड उघडतात.

फ्लाय फारच मोठी आहे. हिवाळ्यात तिथलं मुख्य खाणं म्हणजे मिज, तेव्हा 20 ते 24 नंबर लावा (नंबर मोठा तितकी फ्लाय लहान): काळी झेब्रा मिज, ब्लॅक ब्यूटी, जोडीला आरएस-टू. 22 नंबरच्या फ्लायवर 4 एक्स चालत नाही. धागा ताठ राहतो आणि फ्लाय प्रवाहाबरोबर न वाहता ओढली जाते. 9 फुटी 5 एक्स लीडर घ्या, पुढे 6 एक्स फ्लुरोकार्बन. पहिल्या फ्लायपासून 14 ते 16 इंचांवर दुसरी, आणि पहिलीच्या वर फूट-दीड फुटावर स्प्लिट शॉट (धाग्यावर चिमटायची वजनाची छोटी गोळी).

खरी मेख खोलीची आहे. थंड पाण्यात ट्राउटची पचनक्रिया मंदावते, त्यामुळे तो खाण्यासाठी चार-सहा इंचांपलीकडे हलत नाही. फ्लाय त्याच्या नाकासमोरून गेली पाहिजे. इंडिकेटर पाण्याच्या खोलीच्या दीडपट वर बांधा. 6 नंबरच्या एका गोळीपासून सुरुवात करा आणि फ्लाय मधूनमधून तळाला घासेपर्यंत एकेक वाढवत जा. फ्लाय बदलण्याआधी वजन बदला. बहुतेक जण नेमकं उलट करतात. खळाळ सोडा, डोहाच्या तोंडाशी धार मंदावते ती जागा आणि आतल्या वळणाचं संथ पाणी बघा. मासा लागला तरी इंडिकेटर बुडत नाही, नुसता क्षणभर थबकतो. थबकला की रॉड हलकेच उचला, झटका नको. 6 एक्स तुटतो.

कडीवाला
बर्फाचं कारण असं की दोरी आत ओढताना तिच्यावरचं पाणी कडीच्या कडेला निथळतं आणि तिथेच गोठतं. तेव्हा दोरी ओढायचीच नाही. टोकापुढे 15-20 फूट दोरी ठेवा आणि तेवढ्याच लांबीवर रोल कास्ट (दोरी मागे न उडवता पुढे टाकणं) करत राहा. लांब फेकायची हौस एप्रिलपर्यंत राखून ठेवा.

कड्यांना बिनपेट्रोलियमचा लिप बाम किंवा स्वयंपाकाच्या तेलाचा स्प्रे लावा. अर्धा-पाऊण तास निभावतं, मग पुन्हा लावायचा. तरीही बुजलंच तर टोक पाण्यात पाच-दहा सेकंद बुडवून ठेवा. धरणाखालचं पाणी 4 अंशांच्या आसपास असतं, बर्फ सुटतो. बोटाने तोडू नका. टोकाची कडी मोडते किंवा तिच्या आतलं कडं निखळतं. टोकाची कडी आधी गोठते, म्हणून तिच्याकडे लक्ष ठेवा, कारण ती बुजलेली असताना मोठा मासा लागला तर दोरी सरकत नाही आणि धागा गेलाच. रीळ पाण्यात बुडवू नका, बर्फावर टेकवूही नका. ड्रॅगमध्ये (रिळाच्या ब्रेकमध्ये) पाणी शिरून गोठलं की दिवस संपला. रॉडचे सांधे चिकटले तर पिळू नका, आधी पाण्यात धरा.

आणि गाठी घरीच बांधून आणा. उणे 10 मध्ये 6 एक्सची गाठ बोटांना मारता येत नाही.

डेन्व्हरचा_गळ
धन्यवाद. धरण जवळ असूनही काही सकाळी पाण्यात बर्फाचा भुगा वाहतो, तो का? आणि माझे बूट फेल्टच्या (नमद्याच्या) तळव्याचे आहेत, चालतील ना?

डोहाच्या_काठी
4 अंशांचं पाणी सर्वांत जड, म्हणून ते जलाशयाच्या तळाशी बसतं आणि तळाच्या दारातून सोडलं की उबदार निघतं. खाली वाहत जाताना रात्रीच्या थंडीने निवतं, मग भुगा धरतो. अशा सकाळी धरणाच्या आणखी जवळ जा, नाहीतर भुगा ओसरेपर्यंत थांबा. इंडिकेटरला तो चिकटला की ड्रिफ्ट (फ्लायचं प्रवाहाबरोबर वाहणं) वाया जातो.

कडीवाला
फेल्ट नको. ओल्या फेल्टला बर्फ चिकटून तळव्याखाली गोळे होतात, मग दगडावर पाय ठरत नाही. रबरी तळवा आणि त्यात खिळे हवेत. कॅन्यनात जाणाऱ्या गिल ट्रेल या पायवाटेवर सावलीत बर्फ टणक होतो, तिथे मायक्रोस्पाइक्स (बुटांवर चढवायचे खिळे) चढवा आणि पाण्यात उतरण्याआधी काढा. बूट एक नंबर मोठे घ्या: दोन मोजे कोंबून आवळलेल्या बुटात रक्त फिरत नाही, पाय आधी गार पडतात. मोजे लोकरीचे, सुती अजिबात नको. वेडरचा (पाण्यात उतरायच्या जलरोधक पोशाखाचा) पट्टा कायम आवळलेला ठेवा. काठाला लागून असलेल्या बर्फाच्या पापुद्र्यावर उभे राहू नका, खाली पाणी असतं. कोरड्या कपड्यांचा एक पूर्ण जोड गाडीत हवाच.

डोहाच्या_काठी
एक राहिलं. ब्राउन ट्राउट शरद ऋतूत अंडी घालतात आणि ती हिवाळाभर खड्यांखाली असतात. उथळ पाण्यात आजूबाजूपेक्षा स्वच्छ, फिकट खड्यांचा पट्टा दिसला तर त्यावर पाय देऊ नका, वळसा घाला. कॅन्यनमध्ये पकडलेली प्रत्येक ट्राउट लगेच सोडणं बंधनकारक आहे, आणि एवढ्या थंडीत हवेत उचललं की कल्ले नि डोळे गोठतात. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा आधीच चिमट्याने दाबून ठेवा, मासा जाळीत, पाण्यातच ठेवा आणि फोटो काढायचा तर तसाच काढा.