तिकीट स्वस्त आहे, पण अडकलो तर विचारायचं कुणाला? (फॅमिली ग्रुपवरची चर्चा)

मोठे काका: सगळ्यांनी नीट वाचा आणि आजच उत्तर द्या. ट्रिपची तिकिटं काढायची आहेत. दोन पर्याय समोर आहेत. एक बजेट एअरलाइन, जवळजवळ निम्म्या भावात, पण मधे विमान बदलायचं आणि पुढचं विमान दुसऱ्याच कंपनीचं, म्हणजे दोन वेगळी तिकिटं. दुसरा फुल सर्व्हिस, महाग, पण एकाच तिकिटावर शेवटपर्यंत. आई सोबत येणार आहे हे लक्षात ठेवून बोला.

भाऊ: निम्म्या भावात असेल तर विचार कसला करायचा काका, काही तासांचा तर प्रवास आहे, जेवण नको, सिनेमा नको, गुडघे पुढच्या सीटला लागले तर लागू देत, वाचलेल्या पैशात तिथे दोन दिवस जास्त राहू. माझं मत बजेट.

आत्या: माझंही बजेट. ट्रॉलीवरचा चहा आणि गोड हसणं यासाठी दुप्पट पैसे मी देणार नाही.

वहिनी: मला बोलायचंय, मेसेज मोठा होणार आहे, वाचा मात्र पूर्ण. कंपनीचं नाव घेत नाही. मी आणि पिल्लू दोघंच होतो, रात्रीचं विमान, तोपर्यंत सगळं छान चाललेलं, स्वस्त तिकीट, वेळेत चेक-इन, आणि बोर्डवर एकदम कॅन्सल्ड आलं. काउंटरवर दोन मुली होत्या आणि लोक त्यांच्यावर तुटून पडलेले, त्या बिचाऱ्या सांगत होत्या की आम्ही एअरलाइनच्या नाही हो, ग्राउंड हँडलिंगवाल्या कंपनीच्या आहोत, आम्हाला तिकीट बदलायचा अधिकारच नाही, तुम्ही अ‍ॅपवर बघा. अ‍ॅपवर चॅटबॉट, तो तेच तेच पर्याय फिरवून फिरवून दाखवतोय, फोन लावला तर होल्डचं संगीत, आणि पुढचं विमान दोन दिवसांनी. मांडीवर झोपलेलं पोर घेऊन मी जमिनीवर बसले होते. मला चहा नको होता आत्या, मला एक माणूस हवा होता जो म्हणेल की थांबा, बघतो तुमचं काय करता येतं. तेवढंच.

काकू: अगं बाई. हे तू सांगितलंच नाहीस कधी.

भाऊ: वहिनी वाईट झालं खरंच, पण विमानं महागड्या कंपनीचीही रद्द होतात. तिथेही फोन लागत नाही.

दादा: रद्द सगळ्यांची होतात, त्यात वाद नाही. प्रश्न त्यानंतर काय होतं हा आहे, आणि ते का तसं होतं हे कळायचं तर तिकीट स्वस्त कशामुळे होतं ते बघावं लागतं. विमान जमिनीवर उभं असतं तेव्हा पैसे खातं, हवेत असतं तेव्हा कमावतं, सगळा धंदा त्यावर उभा आहे. अमेरिकेत साउथवेस्ट या बजेट एअरलाइननं १९७१ मध्ये टेक्सास राज्यातल्या राज्यात उड्डाणं सुरू केली, पुढच्या वर्षी पैशाची तंगी आली म्हणून चारपैकी एक विमान विकलं आणि वेळापत्रक मात्र तेच ठेवलं, ते कसं जमवलं तर उतरलेलं विमान दहा मिनिटांत परत निघायला तयार करायचं. आयर्लंडच्या रायनएअर या बजेट कंपनीनं तेच युरोपात नेलं, २५ मिनिटांत विमान परत फिरवतात. आता बघ, एकच विमान सकाळपासून रात्रीपर्यंत एकामागून एक फेऱ्या मारतंय, मधे श्वास घ्यायला वेळ नाही, सकाळी तासभर उशीर झाला की तो संध्याकाळपर्यंत कमी व्हायच्या ऐवजी वाढत जातो. वहिनीचं रात्रीचं विमान होतं हे उगाच नाही.

दादा: आणि दुसरी गोष्ट. मोठ्या कंपन्यांचे आपसात करार असतात, यांचं विमान नसेल तर त्यांच्यात बसवतात. बजेटवाल्यांपैकी बहुतेकांनी ही भानगडच ठेवलेली नाही. त्यामुळे पुढचं विमान म्हणजे त्यांचंच पुढचं विमान, आणि त्या मार्गावर ते आठवड्यातून तीनदाच जात असेल तर बसा.

आत्या: हे पटतं. पण स्वस्त म्हणजे वाईट वागणूक असं सरसकट नको म्हणू. तू साउथवेस्टचं नाव घेतलंस, त्यांची ख्यातीच माणसांशी चांगलं वागण्याची, मे २०२५ पर्यंत तर दोन बॅगा फुकट नेऊ देत होते, बाकी सगळे पैसे घेत असताना. आणि रायनएअरचंच घे. २०१३ मध्ये ब्रिटनच्या 'विच' या ग्राहक संस्थेच्या पाहणीत १०० ब्रँडमध्ये ग्राहकसेवेत शेवटचा नंबर आला त्यांचा, तेव्हा त्यांच्या प्रमुखानं, ओलिअरीनं, शेअरहोल्डरांसमोर मान्य केलं की लोकांना विनाकारण चिडवणं आता बंद करायला हवं. पुढच्या काही महिन्यांत ठरलेल्या सीट दिल्या, दुसरी छोटी बॅग नेऊ दिली, दंड कमी केले. आणि धंदा वाढला. म्हणजे स्वस्त ठेवूनही नीट वागता येतं.

मी: आत्या तुझं बरोबर आहे पण तू सांगतेस ती वागणूक चांगल्या दिवसाची. वाईट दिवसाचं उदाहरणही त्याच साउथवेस्टचं आहे. डिसेंबर २०२२ मध्ये तिकडे मोठं हिमवादळ आलं, बाकीच्या कंपन्या थोड्या दिवसांत सावरल्या, साउथवेस्टला मात्र आपला कुठला पायलट कुठल्या शहरात अडकलाय हेच जुळवता येईना, क्रूचं वेळापत्रक लावणारं सॉफ्टवेअर तेवढा घोळ पेलूच शकलं नाही. १६ हजारांहून जास्त फेऱ्या रद्द, २० लाखांहून जास्त लोक अडकले, तेही ख्रिसमसच्या आठवड्यात. नंतर अमेरिकेच्या वाहतूक खात्यानं १४ कोटी डॉलरचा दंड केला. कर्मचारी तेच होते, प्रेमळ, पण त्यांनाच कंपनीशी बोलायला तासन्‌तास फोनवर थांबावं लागत होतं तर ते प्रवाशाला काय सांगणार. म्हणून मला सर्व्हिस म्हटलं की हसणं नाही आठवत, मागची यंत्रणा आठवते. ती आहे की नाही हे तिकीट काढताना दिसत नाही हीच पंचाईत.

मोठे काका: थांबा जरा. कायदा काहीच नाही का? पैसे घेतले आणि नेलं नाही तर भरपाई नको द्यायला?

मी: आहे ना काका, आणि चांगला आहे, पण कुठून कुठे उडताय त्यावर आहे. युरोपियन युनियनमधून निघणारं कुठल्याही कंपनीचं विमान, किंवा तिकडे जाणारं तिथल्याच कंपनीचं, यांना २६१ नंबरचा नियम लागतो, २००५ पासून लागू आहे. अंतराप्रमाणे २५०, ४०० किंवा ६०० युरो. निघायला १४ दिवसांपेक्षा कमी उरले असताना रद्द केलं किंवा तीन तास आणि वर उशिरा पोचवलं तर. वादळ वगैरे कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असेल तर ही रोख भरपाई मिळत नाही, पण अडकलेल्या माणसाचं जेवण आणि राहायची सोय तरीही करावीच लागते. आणि यात तिकीट किती स्वस्त होतं याचा काही संबंध नाही.

मी: एक केस सांगतो, मला फार आवडते. २०१० मध्ये आइसलँडचा ज्वालामुखी फुटला आणि राखेमुळे युरोपचं आकाश बंद झालं. एक बाई पोर्तुगालमध्ये अडकली, तिकीट रायनएअरचं, ९८ युरोचं. आठवडाभर तिनं स्वतःच्या खर्चानं दिवस काढले आणि नंतर जवळजवळ ११३० युरो मागितले. कंपनीचं म्हणणं, असलं संकट नियमात बसतच नाही. २०१३ मध्ये युरोपच्या न्यायालयानं सांगितलं की बसतं, प्रवाशाची सोय करायच्या जबाबदारीला दिवसांची मर्यादा नाही आणि पैशांचीही नाही, वाजवी खर्च द्यायचा. ९८ युरोच्या तिकिटावर!

भाऊ: हे भारी आहे. मग घाबरायचं कशाला, बजेटच काढू.

वहिनी: अरे मलाही मिळाले पैसे. फॉर्म भरले, पावत्या जोडल्या, मेलवर मेल केले, महिन्यांनी मिळाले. पण त्या रात्री पोर जमिनीवरच झोपलं ना. आपण धडधाकट आहोत, कुठेही पाठ टेकू. आजी काय करेल ते सांग.

भाऊ: हं. ते खरं.

काकू: आईंना दाखवलं सगळं वाचून. त्या म्हणतायत, "मला उगाच वाटेत बसवून ठेवू नका, बाकी कशानंही न्या." आणि व्हीलचेअरचे वेगळे पैसे लागतील का विचारतायत, लागत असतील तर चालते म्हणे मी.

मी: आजीला सांग चालायचं नाही. युरोपात तर कायद्यानंच फुकट आहे, कंपनी स्वस्त असो की महाग, फक्त ४८ तास आधी कळवायचं. बाकी ठिकाणीही तिकीट काढतानाच कळवून टाकायचं, ऐन वेळी मागितली तर थांबावं लागतं.

मोठे काका: आता माझा खरा प्रश्न. मधे विमान बदलायला चार तास आहेत. चार तास पुष्कळ नाहीत का?

दादा: काका वेळ पुष्कळ आहे पण तिकिटं दोन आहेत. पहिलं विमान पाच तास उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत, नो शो, तिकीट बुडालं, आणि पहिली कंपनी म्हणेल आम्ही आमच्या ठिकाणी पोचवलं की. दोघंही आपापल्या जागी बरोबर, मरण आपलं. शिवाय बॅगा मधे ताब्यात घ्यायच्या, बाहेर यायचं, परत चेक-इन, परत सिक्युरिटी, आणि तो देश परका असेल तर बाहेर यायला व्हिसा लागतो का ते वेगळं बघायचं. एकाच तिकिटावर असलं की पहिलं चुकलं तर पुढचं मिळवून द्यायची जबाबदारी त्यांची. तुम्ही जास्तीचे पैसे देताय ते खरं तर याचे देताय, जेवणाचे नाही.

आत्या: हे आधी सांगायचंस. माझं मत मी बदलते. आईला घेऊन दोन तिकिटांचा खेळ नको.

काकू: आणि ते लांबचे विमानतळ? मागे कोणीतरी सांगत होतं उतरलो आणि शहर दिसेचना.

दादा: हो ना, फ्रँकफर्ट-हान नाव फ्रँकफर्टचं आणि शहरापासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. पॅरिस-बोव्हेही तसंच, ऐंशीच्या वर. तिथे विमानतळाचं भाडं कमी म्हणून जातात. तिकीट बघताना बसचे पैसे आणि वेळ धरायचा, नाहीतर स्वस्त कसलं.

भाऊ: पण मला एक सांगू द्या, सगळे बजेटच्या विरोधात बोलायला लागलात ते मला पटत नाही. या कंपन्या नसत्या तर आपल्यातले निम्मे लोक आयुष्यात विमानात बसलेच नसते. मी कॉलेजात असताना जेवढं फिरलो ते यांच्या जिवावर. आणि सुरक्षेचे नियम सगळ्यांना सारखेच असतात, पायलटचं ट्रेनिंग, विमानाची तपासणी यात स्वस्त-महाग असं काही नाही, लोक उगाच घाबरवतात. सीटचे, बॅगेचे, चेक-इनचे वेगळे पैसे घेतात म्हणून शिव्या देतात, पण बॅग न नेणाऱ्यानं दुसऱ्याच्या बॅगेचे पैसे का भरायचे? मी एक पाठपिशवी घेऊन जातो, मला हे न्याय्य वाटतं.

मी: यात मी तुझ्या बाजूनं आहे, अगदी मनापासून. फक्त ते पैसे आधी दाखवले पाहिजेत. पहिल्या पानावर एक आकडा आणि शेवटच्या पानावर दुसराच, हे मला फसवणुकीच्या जवळचं वाटतं. गेटवर बॅग अर्धा इंच जास्त निघाली म्हणून जे घेतात ते तर कधी कधी तिकिटापेक्षा जास्त असतं. ऑनलाइन चेक-इन विसरून आलेल्याकडून रायनएअर ५५ युरो घेत आलीय, आणि विसरणारे कोण असतात तर आपल्या काकूच्या वयाचे लोक, ज्यांना अ‍ॅप जमत नाही. त्याचा मला राग येतो.

काकू: मला जमतं अ‍ॅप.

वहिनी: काकूला आमच्यापेक्षा जास्त जमतं.

मी: तर माझं म्हणणं असं, कुठली एअरलाइन चांगली हे ठरवायच्या आधी कुठला प्रवास आहे ते बघू. जाताना तारीख पक्की, पोचायलाच हवं, मधे विमान बदलायचं, आजी बरोबर. तिथे पैसे टाकू, एकच तिकीट. येताना घाई कुणालाच नाही, सरळ विमान आहे, बदलायचं नाही, एक दिवस इकडेतिकडे झाला तर तिथे राहायची सोय आहेच. येताना बजेट घेऊ, पण सकाळचं पहिलं विमान, रात्रीचं नाही. दादानं सांगितलं तसं, पहिल्या विमानाला मागच्या फेरीचा उशीर लागत नाही.

आत्या: हे झकास. पण येताना आई?

मी: सरळ विमान आहे आत्या, व्हीलचेअर आधी सांगू, आजीला पुढची सीट पैसे देऊन घेऊ. तरी स्वस्तच पडतं.

दादा: कार्डानं पैसे भरा, क्रेडिट कार्डानं. स्वस्त कंपन्या बुडतातही, २०१७ मध्ये ब्रिटनची मोनार्क एअरलाइन बुडाली तेव्हा १ लाख १० हजार लोक परदेशात होते, ब्रिटिश सरकारनं विमानं पाठवून आणले, २०१९ मध्ये आइसलँडची वॉव रातोरात बंद. कार्ड असेल तर बँकेकडे दाद मागता येते.

भाऊ: येताना बजेट मिळालं ना, मी खूश. माझी बॅग मी मोजून आणतो, चाकं आणि हँडल धरून माप घ्यायचं बरं का सगळ्यांनी, नुसत्या कापडाचं नाही.

मोठे काका: ठरलं. जाताना एका तिकिटावर, येताना बजेट, पहाटेचं. आईला काकू सांगेल. दादा, व्हीलचेअरचं दोन्ही ठिकाणी तू कळव आणि उत्तराचा मेल इथे टाक, नुसतं फोनवर हो म्हणाले असं नको. बाकीच्यांनी पासपोर्टवर आहे तसंच नाव, अक्षर न अक्षर, मला आज रात्रीपर्यंत पाठवा. नंतर नाव दुरुस्त करायचेही पैसे घेतात हे लोक.

वहिनी: माझं आणि पिल्लूचं पाठवलं.

आत्या: माझा पासपोर्ट कपाटात आहे, संध्याकाळी पाठवते.

मोठे काका: संध्याकाळी म्हणजे सहाला. भाव वाढतायत.