‘गोल्डन रिंग’ : थोर गाणी की गाजलेला घटस्फोट?

जुनी तबकडी:
गायक जॉर्ज जोन्स आणि गायिका टॅमी वायनेट यांच्या १९७६ च्या ‘गोल्डन रिंग’इतका मोठा युगुलगीतांचा अल्बम अमेरिकेच्या ‘कंट्री’ या संगीतप्रकारात नाही, असं माझं ठाम मत आहे. दोघांचं लग्न १९६९ चं, घटस्फोट १९७५ चा, आणि पुढच्याच वर्षी हा अल्बम. शीर्षकगीताची सुरुवात शिकागोतल्या गहाणाच्या दुकानात होते. हातात फारसे पैसे नसलेलं जोडपं तिथली अंगठी घेतं, त्याच दुपारी लग्न लागतं. मग दोन खोल्यांच्या घरातलं शेवटचं भांडण. बायको अंगठी फेकून निघून जाते. अखेरीस अंगठी पुन्हा दुकानात आणि काचेपुढे नवं जोडपं. जॉर्ज आणि टॅमी जे जगले तेच गायले, म्हणून ते काळजाला भिडतं.

रानवाट:
अजिबात पटलं नाही. गाणं त्या दोघांनी नाही, बॉबी ब्रॅडक आणि रेफ व्हॅन हॉय यांनी लिहिलंय. टॅमीचं १९६८ मधलं गाजलेलं घटस्फोटाचं गाणंही ब्रॅडकनेच कर्ली पुटमनबरोबर लिहिलं होतं. तेव्हा तिचं जॉर्जशी लग्नसुद्धा झालं नव्हतं! कंट्रीतलीच दुसरी गाणारी जोडी, कॉनवे ट्विटी आणि लोरेटा लिन, तर कधीच नवराबायको नव्हते, तरी १९७२ ते १९७५ सलग चार वर्षं कंट्री म्युझिक असोसिएशनचा जोडीचा पुरस्कार त्यांच्याकडेच होता. गायला गळा लागतो, मोडलेला संसार नाही.

जुनी तबकडी:
गळ्याचंच बोलू. जॉर्ज एकच शब्द दातांआडून तीन-चार सुरांवर फिरवून आणतो. टॅमीच्या आवाजात रडू दाटतं, पण फुटत नाही. हे निव्वळ कसब आहे, असं म्हणवत नाही.

सारंगपाणी:
दोघांनाही एक सांगतो. या शीर्षकगीतात ‘मी’ नाहीच. ‘तो म्हणाला, ती म्हणाली’ असंच आहे सगळं. कीर्तनकार आख्यान लावतो तसे दोघं बाहेर उभे राहून सांगतात. माझ्या मते खरी कसोटी याच अल्बममधल्या ‘नियर यू’ची आहे. ते १९४७ चं जुनं गाणं, कुणाच्या जवळ असण्याचं सुख सांगणारं. ते इतक्या मायेने गायलंय, की घटस्फोटानंतर, १९७७ मध्ये, तेही कंट्रीच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं आलं.

रानवाट:
‘नियर यू’बद्दल मान्य, तिथे माझ्याकडे उत्तर नाही. पण अल्बम म्हणून मी आजही लोरेटा आणि कॉनवेच लावेन.