मदत हवी आहे: गोसीखुर्द धरणासाठी ट्रेलरवर नेता येईल अशी शिडाची बोट

बजेट दीड लाख, ट्रेलर धरून. ओढायला बोलेरो आहे, पण शेवटचा तुकडा पांदणीचा आणि काठ काळ्या मातीचा. म्हणून वजन हाच पहिला निकष.

सध्या जुनी एंटरप्राइज (शिडाच्या छोट्या बोटीचा एक प्रकार) बरी वाटते: लांबी 4.04 मीटर, नुसतं हल (बोटीचं रिकामं धड) 90-95 किलो, दोन शिडं, दोघांना पुरते. लेझर प्रकारची बोट हलकी, 59 किलोच्या आसपास, पण ती एकट्याची. शिवाय तिचा डॅगरबोर्ड (बोटीच्या मधून पाण्यात खाली जाणारी फळी) सरळ वर ओढावा लागतो. धरणात बुडालेल्या झाडांची खुंटं आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ती अगदी वर येतात. एंटरप्राइजचा फिरता सेंटरबोर्ड (तशीच फळी, पण खिळीवर फिरणारी) खुंटाला लागला तर मागे वळतो. डॅगरबोर्ड मात्र अडकतो आणि धक्का थेट केसला (फळीच्या खाचेला) बसून तिथेच चीर जाते.

विचारायचं ते असं. प्लायवूडची बोट स्वस्त मिळते, पण आपल्या 45 अंशांच्या उन्हात सांधे उघडायची भीती. शेडमध्ये ठेवून भागेल का, की फायबरच घ्यावी? फायबर तपासताना ट्रान्सम (बोटीची मागची सपाट बाजू) ठोकून पाहणं आणि हवेच्या टाक्यांना साबणाचं पाणी लावणं, याशिवाय काय बघावं? ट्रेलरचं चाक पाण्यात गेलं की गरम हब (चाकाचा मधला भाग) पाणी शोषतो आणि बेअरिंग जातं. त्यापेक्षा ट्रेलर काठावर ठेवून बोट वेगळ्या हातगाडीवर उतरवलेली बरी ना? चिखलात तिला कोणती चाकं चालतील?

काठाजवळ पंपाच्या विजेच्या तारा आहेत, तेव्हा अॅल्युमिनियमची डोलकाठी एकट्याने झटपट आडवी करायची पद्धतही नक्की सांगा.