मदत हवी आहे: टोमॅटोच्या फेरीला इलेक्ट्रिक छोटा हत्ती पुरेल का?

नारायणगावहून पुण्याच्या गुलटेकडी मार्केटला रोज एक फेरी असते. 45 क्रेट, म्हणजे टनाच्या आतबाहेर माल. येताना रिकामे क्रेट. जाऊन-येऊन साधारण 160 किमी, वाटेत खेडचा घाट. डिझेलची जुनी गाडी आता विकायची आहे.

टाटाची इलेक्ट्रिक छोटा हत्ती, एस ईव्ही 1000, बघितली. बॅटरी 21.3 युनिटची, कंपनी रेंज 161 किमी सांगते. शोरूमवाल्यांनी 12 किमी फिरवून आणली, पण रिकामी; दोन क्विंटल तरी टाकू द्या म्हटलं, नाही म्हणाले. ओढ चांगली आहे, गाडी मनात भरली. पण भर माल असताना चढाला बॅटरीचा काटा किती झपाझप उतरतो, तेच बघायचं राहिलं.

घरी सिंगल फेज, 15 अँपिअरचा प्लग. हिशेबाने तासाला तीन युनिट धरले तर रात्री 9 ते 3 मध्ये 18 युनिट भरतील. शेतीचं कनेक्शन वापरणार नाही. मार्केटात माल उतरेपर्यंत दीड-दोन तास मिळतात, तेवढ्यात बाहेर चार्जिंग जमेल.

सीएनजीचा पर्याय माहीत आहे, तो नकोय. ज्यांची गाडी वर्षभर तरी भर मालाने चालली आहे त्यांनीच सांगा: टनभर माल आणि घाट धरून एका चार्जिंगमध्ये खरे किती किमी पडतात, आणि उन्हाळ्यात त्यातले किती कमी होतात?